कुडाची भिंत

मार्थे, तुला माती दिली त्या दिवशी मी हसले. तुझ्या कबरीपाशी, भर मंडळीत, पदर तोंडावर ओढून. लोकांना वाटलं रिबकाबाई रडतेय. दोघीतिघींनी माझी पाठही थोपटली. रडणं नंतर आलं, ते माझं मी बघून घेतलं. तेव्हा मात्र हसूच आलं होतं. पाळकसाहेब सांगत होते की आपल्या मार्थाबाईंनी उभ्या आयुष्यात कुणा माणसापुढे हात पसरला नाही, आपली गरज कुणा माणसाच्या कानावर घातली नाही. जे मागितलं ते एका देवापाशी, आणि देवानेच त्यांच्या दारात धान्याची गाडी उभी केली. त्यांचा आवाज भरून आला होता. आणि ती गाडी खापर गावच्या बाजारातून कुणी जुंपायला लावली होती, ते तिथे उभ्या असलेल्यांपैकी एकटीला ठाऊक होतं. मला. कारण मीच लावली होती.

तुला जाऊन आज अकरा दिवस झाले. बारा वर्षं हे मी तुला सांगितलं नाही. आता सांगते, आणि तू मधे बोलू नकोस. आपल्या प्रत्येक भांडणात शेवटचा शब्द तुझा असायचा, आणि तोही असा हळू आवाजात, की माणसाला आणखी संताप यावा. आज माझी पाळी आहे.

आपल्या दोघींची सुरुवातच एका थाळीत झाली. छप्पन्याच्या दुष्काळात नंदुरबारच्या मिशनातल्या अनाथघरात इतकी पोरं आली की थाळ्या पुरेनात, म्हणून दोन मुलींत एक थाळी. माझ्या वाट्याला तू आलीस. मडमबाईंनी आपल्याला नवी नावं दिली. मला माझं जुनं नाव आठवतच नव्हतं. तुला आठवत होतं, पण तू ते कधी कुणाला सांगितलं नाहीस, मलासुद्धा नाही. मी रोज माझ्या भाकरीतला अर्धा तुकडा चटईखाली लपवायची, उद्यासाठी. तू मात्र शेवटचा कण बोटाने टिपून खायचीस आणि थाळी घासायला न्यायचीस.

"उद्या नाही मिळाली तर?" मी विचारायची.

"काल मिळाली होती ना?" तू म्हणायचीस.

मग एक दिवस चटईखालच्या भाकरीला मुंग्या लागल्या आणि चोरी उघडी पडली. मला उन्हात उभं केलं. तू न बोलावता येऊन माझ्या शेजारी उभी राहिलीस. मडमबाईंनी विचारलं तर म्हणालीस, थाळी एक आहे तर भाकरही दोघींची. तेव्हा तू जेमतेम सहा वर्षांची असशील. तुझे ते उपकार मी विसरले नाही, मार्थे. पण एक सांगते, त्या मुंग्या लागलेल्या भाकरीची मला आजही लाज वाटत नाही. जिने आपली आई उपाशी मरताना पाहिली तिने भाकर लपवायची नाही तर काय करायचं? तूही तेच पाहिलं होतंस. एकच गोष्ट पाहून दोघी दोन वाटांना गेलो. मी ठरवलं की यापुढे माझं पोट माझ्या हातात. तू काय ठरवलंस ते साऱ्या मंडळीला माहीत आहे.

मी सुईणीचं काम शिकले आणि खापरला मिशनच्या दवाखान्यात लागले. तू गावोगाव पायी हिंडून शुभवर्तमान सांगणारी बाई झालीस. वरच्या डोंगरातली बोली शिकलीस. शिकलीस कसली, आठवून घेतलीस. आणि एक दिवस मिशनच्या फाटकाशी जालमी नावाच्या बाईला घेऊन उभी राहिलीस. तिच्या गावात आठवड्याभरात तीन मुलं तापाने गेली होती आणि भगताने जालमीचं नाव घेतलं होतं. डाकीण. तिच्या पाठीवरचे वळ मी स्वतः धुतले, म्हणून मला कुणी शिकवू नये की ती काय सोसून आली होती.

मिशनचे साहेब वाईट नव्हते. ते म्हणाले, बाईला इथे ठेवली तर वरच्या गावांचं मन आपल्यावरून उडेल. विलायतेला लिहितो, उत्तर येईपर्यंत धीर धरा. तू म्हणालीस, "साहेब, हिला झोपायला जागा आज पाहिजे. तुमचं उत्तर बोटीने येणार." आणि चालू नोकरी सोडून, जालमीचा हात धरून निघालीस. मी फाटकापर्यंत तुझ्या मागे ओरडत आले होते. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही.

खापरपासून दोन कोसांवर, डोंगराच्या पायथ्याला तुमचं घर उभं राहिलं. जालमीनेच बांधलं म्हणायचं. कारवीच्या काठ्या उभ्या लावून त्यावर शेणमातीचा गिलावा, कुडाची भिंत म्हणतात ती. पुढे आणखी दोघी आल्या, त्याच शिक्क्याच्या. आणि त्या घरात तू तुझा तो नियम लावलास. आपली गरज माणसाला सांगायची नाही. देवाला सांगायची, तीही दार लावून, म्हणजे वाटेवरच्या कुणाला ऐकू जाऊन दया यायला नको. मी विचारलं, लोकांना सांगितलं तर काय देव रागावतो?

"तो नाही रागावत," तू म्हणालीस, "पण एकदा माणसाला सांगितलं की मग मी देवाकडे बघायचं सोडून त्या माणसाच्या चेहऱ्याकडे बघत बसते. देतोय का, देतोय का."

"दार लावतेस गं," मी म्हटलं, "पण भिंत कुडाची आहे. चार हातांवरून जाणाऱ्या बकरीलासुद्धा कळतं, तुझ्या घरातलं मीठ संपलंय ते."

"बकरी मीठ आणून देत नाही," तू म्हणालीस.

बोलण्यात तुझा हात कुणी धरला असता!

त्याच वर्षी भर पावसाळ्यात मी आले तेव्हा तुमची कणगी रिकामी होती. मी हात घालून पाहिला, तळाची माती नखात आली. चौघीजणी रानातल्या भाजीचा पाला उकडून खात होतात. आणि तू मला पाणी देऊन दवाखान्यातल्या बाळंतिणींची खुशाली विचारत होतीस. मी जी पेटले! चिडल्यावर आपल्या दोघींचंही मिशनचं मराठी गळून पडायचं आणि अहिराणी बाहेर यायची.

"तुन्हा देवले हातपाय नई शेतस का?" मी ओरडले. "तो काय वरतून टाकी देनार शे?"

"शेतस ना," तू शांतपणे म्हणालीस. "तू कसाले मोजाले जास?" कशाला मोजायला जातेस म्हणे!

मी तडक खापरला परत आले आणि शेठजींच्या दुकानात जाऊन उभी राहिले. मारवाडातून आलेलं जैन घराणं. त्यांच्या सुनेचं आडवं आलेलं मूल मी दोन दिवस झगडून मोकळं केलं होतं. मी सगळं सांगितलं. शेठजींनी माझं बोलणं पुरतं होऊही दिलं नाही. "रिबकाबाई, तुले मी नई म्हनाव नई," ते म्हणाले. "पन मन्हं नाव तिले सांगू नको. सांगीसन करं ते दान कसानं?" दुसऱ्या दिवशी ज्वारीची पोती घालून त्यांची गाडी तुझ्या दाराशी गेली. गाडीवानाला ताकीद होती, कुणी पाठवलं विचारलं तर बैलांकडे बघायचं.

त्यानंतर कणगी तळाला आली की मी शेठजींकडे जायची आणि गाडी यायची. दर वेळी तू मला कौतुकाने सांगायचीस, "रिबका, देवाने बघ कसं दिलं!" मी म्हणायची, "हो ना गं!" आणि मनातल्या मनात, खोटं कशाला बोलू, मिशीला पीळ देणाऱ्या पुरुषासारखी मला मजा यायची. तुझा देव दोन कोस चालत शेठजींच्या दुकानात जातो आणि त्याच्या पायात माझ्या वहाणा असतात, हे मला ठाऊक होतं आणि तुला नव्हतं. तुझं सगळं आयुष्य माझ्या हातावर उभं आहे असं मला वाटायचं. त्या अभिमानावर मी बारा वर्षं जगले. नवरा ना मूल, माझ्याजवळ दुसरं होतं तरी काय?

मग विलायतेत पुन्हा लढाई सुरू झाली. मडमबाई आणि साहेब मायदेशी गेले, मिशनने बाहेरची कामं आवरती घेतली. गेल्या दिवाळीच्या सुमारास मी तुला सांगायला आले की आता पुरे, माझ्या खोलीवर चल. दोघी म्हाताऱ्या एका थाळीत जेवू पुन्हा. तू विचारलंस, "आणि ह्या तिघी?" मी म्हटलं, ह्यांचं ह्या बघतील. तुझा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. तू म्हणालीस, "रिबका, तू अजून चटईखाली भाकर लपवतेस."

ते वाक्य मला फार लागलं. मी उठून चालायला लागले आणि वाटेतच ठरवलं की आता शेठजींकडे जायचं नाही. बघू हिचा देव कसा खायला घालतो.

हे मी केलं, मार्थे. रागाच्या भरात एखादा दिवस नाही, चांगले चार महिने. तुझ्या कणगीत किती असेल याचा मला नेमका अंदाज होता आणि ती कधी रिती होईल तेही कळत होतं. शेठजींनी एकदा विचारलंसुद्धा, "बाईना तठे सगळं बरं शे ना?" मी म्हटलं, बरं शे. बाळंतिणींची पोटं चोळत होते, नाळा कापत होते, आणि मनात तुला उपाशी ठेवत होते. कुणी मला चांगली बाई म्हणू नये. पाळकसाहेब उद्या माझ्याही कबरीवर उभे राहून काही गोड बोलतील, त्यांनी आधी हा कागद वाचावा.

मोहाची फुलं गळायला लागली तेव्हा माझा धीर सुटला. पायांत वहाणासुद्धा न घालता धावत आले. वाटलं होतं, तुम्ही चौघी अंथरुणाला खिळलेल्या दिसाल. तू अंगणात मोह वाळत घालत होतीस. म्हणालीस, "आलीस? बस, भगर टाकते." मी घरात जाऊन कणगीत हात घातला. मका होता, आणि वर डोंगरात पिकते ती भगर. शेठजींच्या ज्वारीचा दाणा नव्हता. मी विचारलं, कुणी दिलं? तू म्हणालीस, देवाने. जालमीकडे पाहिलं, तर ती तोंड फिरवून हसली.

तुला जिवंत पाहून मला आधी काय वाटलं सांगू? राग आला. माझ्यावाचून तुमचं चाललं म्हणून. आनंद मागून आला, लाजत. शेठजींची गाडी मी पुन्हा सुरू केली, पण त्या चार महिन्यांचा काटा राहिलाच. कोण आलं होतं? तुला पुन्हा विचारायची हिंमत झाली नाही. तू पुन्हा देवच म्हणाली असतीस तर मी काय केलं असतं?

आणि मग तुझा हा ताप. पाच दिवसांत सगळं आटोपलं. चौथ्या दिवशी सकाळी तू शुद्धीत होतीस. माझं मनगट धरून म्हणालीस, "रिबका, ते ज्वारीचं..." मी घाईघाईने तुझ्या कपाळावर ओली घडी ठेवली आणि म्हटलं, गप्प पड, बोलू नकोस, दम लागतो. सुईण आहे, आजाऱ्याला गप्प करणं मला जमतं. तुला दम लागत नव्हता. मी घाबरले होते, तू विचारशील म्हणून. तू डोळे मिटून घेतलेस. तुझं वाक्य अर्धं राहिलं, ते माझ्यामुळे.

रविवारी उपासनेनंतर मंडळीचे पंच बसले. तुझ्या घराचं काय करायचं? पाळकसाहेब म्हणाले, मार्थाबाईंसारखा विश्वास आपल्यात कुणाचा नाही, तेव्हा त्या तिघींना त्यांच्या नातेवाइकांकडे पोचवावं आणि घराचं तुझ्या नावाने प्रार्थनागृह करावं. सगळ्यांनी माना डोलावल्या. नातेवाईक! ज्यांनी काठ्या मारून हाकललं ते नातेवाईक. पंचांच्या बैठकीत बाईने बोलायचं नसतं, ते मला माहीत आहे. मी उभी राहिले.

"मार्थाचा विश्वास आवडला आणि तिच्या बाया नको, असं चालायचं नाही," मी म्हटलं. "त्या तिथून हलणार नाहीत."

"पण त्यांना बघणार कोण?"

"मी."

"कशाच्या बळावर, रिबकाबाई?"

संध्याकाळच्या आत माझी ट्रंक घेऊन इथे, तुझ्या घरी आले. आल्याबरोबर कणगी पाहिली. दोन दिवसांचं होतं.

परवा सकाळी मी शेठजींकडे जायला वहाणा घालत होते, तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूने एक माणूस आला. चाळिशीचा, डोक्यावर टोपली. मला पाहून थबकला. जालमी चुलीपाशी होती, ती उठून उभी राहिली, पण त्याच्याजवळ गेली नाही. तोही तिच्याशी बोलला नाही. तिचा मुलगा दित्या. आईला हाकलत होते तेव्हा जो खाली मान घालून उभा होता, तोच. आपल्या बाजारच्या मोडक्या अहिराणीत तो मला म्हणाला, बाई गेली ते ऐकलं, पण बायांना लागेल म्हणून आणलं. टोपलीत भगर होती.

मार्थे, वहाण एका पायात, मी तिथेच बसले. चार महिने कोण आलं होतं, ते माझ्यासमोर उभं होतं.

"तुले कसं समजनं, घरमा दाना नई म्हनी?" मी विचारलं.

"मायले दूरथीन देखाले येवू मी," तो म्हणाला. "एक दिन कुडना मांगे उभा व्हतू. बाई देवसंगे बोली ऱ्हायंती. दार लायेल व्हतं, पन कुडमाईन समदं ऐकू येस."

"काय बोलनी?"

तो आठवून आठवून सांगू लागला. तू म्हणत होतीस, मन्ही रिबका रुसेल शे. तिन्ही जवार नई उनी ते नई उनी, त्यानं काई नई. पन तिले एखलं पडू देऊ नको. तिले मन्हाकडे लई ये.

तिन्ही जवार. माझी ज्वारी, नाही आली तर नाही आली. म्हणजे तुला माहीत होतं. मी ओरडून गेले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी आली, तेव्हा पहिल्या गाडीपासून माहीत असणार, आणि बारा वर्षं तू मला मजा करू दिलीस! कणगीत दाणा नव्हता, चौघींची पोटं पाठीला लागली होती, आणि तू दार लावून देवाकडे काय मागत होतीस, तर मला. ज्वारी आणणारी म्हणून नाही, नुसती मला. मी समजत होते, तुझं सगळं माझ्यावर उभं आहे. तुझं काहीच माझ्यावर उभं नव्हतं. माझी ज्वारी तू घेतलीस, जेवलीस, आभार मानलेस, आणि ती बंद झाली तेव्हा माझ्याकडे माणूस पाठवला नाहीस. माझ्या चेहऱ्याकडे बघत बसली नाहीस. आणि तरी माझ्यावर माया केलीस. माझ्यावर अवलंबून न राहता कुणी माझ्यावर माया करू शकतं, हे मला पन्नाशीला आल्यावर, एका पायात वहाण घालून कळलं.

दित्याला मी शेवटचं एक विचारलं. मायलाच का नाही दिलंस, लपूनछपून का?

"मायले काई देवानी बंदी शे," तो म्हणाला. आईला काही द्यायचं नाही ही भगताने घातलेली बंदी त्याला मोडवत नव्हती, आणि मायही सोडवत नव्हती. "म्हनीसन मी बाईना देवले दिधं. देवले देवानी बंदी नई."

म्हणजे तू खरं बोलत होतीस. भगर तुझ्या दारात पोचली तेव्हा ती देवाची झालेली होती. मी किती हुज्जत घातली होती!

पण म्हणून मी हरले असं समजू नकोस. तुझा दरवाजा लावायचा नियम बरोबर होता हे मी मानते. त्या दाराआड तू कुणाच्या तोंडाकडे न बघता बोललीस म्हणून ते बोलणं तसं निघालं. पण भिंत विटांची असती तर दित्या रिकाम्या हातांनी परत गेला असता, आणि हे तुला मानावं लागेल. देवाला हातपाय आहेत, असं तूच म्हणालीस. मग त्या हातापायांना ऐकू जायला नको?

शेठजींकडे मी अजून गेलेली नाही. जाईनही. पण जाईन तेव्हा दित्यासारखी जाईन, माझं नाव मनात न घोकता, आणि शेठजींच्या चेहऱ्याकडे बघत बसणार नाही. काल सकाळी मी पहिल्यांदा तुझ्या जागेवर बसले. दार लावलं. तुझ्यासारखं गोड बोलणं मला जमत नाही. मी म्हटलं, देवा, मार्था म्हणायची तू बहिरा नाहीस. ह्या तिघी आहेत, आणि मी आहे, आणि माझ्या अंगात काही बळ नाही, ते तुला माहीतच आहे. आता बघ तू. एवढंच. पण चटईखाली काही ठेवलं नव्हतं, मार्थे. छप्पन्यानंतर पहिल्यांदा.

आज सकाळी पाळकसाहेब स्वतः चालत आले. बैठकीतलं माझं बोलणं त्यांच्या मनाला लागलं होतं, तसं त्यांनी मोकळेपणाने सांगितलं. मंडळीने ठरवलंय म्हणाले, बायांना हलवायचं नाही. उलट मार्थाबाईंची आठवण म्हणून ह्या कुडाच्या जागी पक्क्या विटांची भिंत बांधून द्यायची. ऊन नाही, वारा नाही, आतलं बोलणं बाहेर जायचं नाही, प्रार्थनेला कशी शांतता मिळेल.

जालमी शेण कालवत होती, तिने हात थांबवला.

मी म्हटलं, "पाळकसाहेब, दार मी रोज लावीन. भिंत कुडाचीच राहील."